लघवीतून रक्त : दुखत नाही म्हणून सोडू नका

लघवी एकदा लाल झाली, दुखले काहीच नाही आणि दोन दिवसांत आपोआप स्वच्छ झाली. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून पुष्कळ जण बार्लीचे पाणी पितात व विसरून जातात. चाळिशी उलटलेल्याने, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्याने, असे करू नये. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त असेच येते-जाते. थांबले म्हणजे गाठ गेली असे नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी सारा दोष तिच्यावर ढकलू नये. स्त्रियांच्या बाबतीत तर अंगावरचे जाणे समजून किंवा जंतुसंसर्गाच्या गोळ्या पुन्हापुन्हा देऊन महिने निघून जातात.

या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के मूत्राशयाच्या अस्तरातील नेहमीच्या पेशींचे असतात. त्यांतले बरेच वरवरचे असून दुर्बिणीतून खरवडून काढता येतात. उरलेले प्रकार दुर्मीळ, पण बहुधा आडदांड. ‘स्क्वॅमस’ प्रकार मूत्राशयात वर्षानुवर्षे राहिलेला खडा, कायमची नळी किंवा जुनाट जंतुसंसर्ग यांतून उद्भवू शकतो. इजिप्तमध्ये बिल्हार्झिया कृमींमुळे एके काळी हाच प्रकार सर्वाधिक आढळे. याचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया. केमोथेरपीला तो फारशी दाद देत नाही.

‘स्मॉल सेल’चे नेमके उलटे. हा शंभरात एकालाही होत नाही. गाठ मूत्राशयापुरतीच दिसली तरी पेशी यकृतात, हाडांत पोचलेल्या असू शकतात. म्हणून प्रकृती झेपणारी असल्यास आधी सिस्प्लॅटिन व इटोपोसाइड ही औषधे देतात आणि मग मूत्राशय काढणे किंवा किरणोपचार करतात. घाईने आधी शस्त्रक्रिया उरकणे येथे हिताचे नाही.

तेव्हा सारे निदानावर अवलंबून. सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते. सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, टाळू नये. काढलेल्या तुकड्यात स्नायूचा थर आलेला असावा, नाहीतर रोग किती खोल गेला ते कळत नाही. रिपोर्ट हाती आल्यावर ‘कॅन्सर आहे का’ एवढेच विचारून थांबू नका. प्रकार कोणता आणि स्नायूत शिरला आहे का, हे दोन्ही विचारा. दुर्मीळ प्रकार लिहिला असेल तर प्रयोगशाळेतून काचपट्ट्या व मेणाचा ब्लॉक मागून घ्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्या. नुसता कागद नेऊन तेथे भागत नाही.