शेतकी ऑफिस नेमके काय करते?



हंगाम जवळ आला की नातेपुते भागातील सभासदांचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, माझी तोड कधी?" दुसरा जरा हळू आवाजात येतो, "तुमचं ऑफिस ऊस लावत नाही, तोडत नाही, गाळत नाही. मग करतं काय?" प्रश्न रास्त आहे.

लग्नघर आठवा. आचारी, मांडववाला, वाजंत्री आपापल्या कामात पटाईत असतात. पण वही घेऊन सगळ्यांचा मेळ घालणारा एक जाणता माणूस नसला, तर मुहूर्त टळतो. मोठ्या कामांत या माणसाच्या जागी स्वतंत्र कचेरी असते. तिला प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय म्हणतात. उसाच्या बाबतीत आपल्याकडे हे काम शेतकी ऑफिस करते.

हिशेब पाहा. रोज २४०० टन गाळणाऱ्या कारखान्याच्या गव्हाणीत तासाला १०० टन ऊस पडला पाहिजे. कमी पडला तर गाळप थांबते. जास्त आला तर वाहने काट्यावर तिष्ठतात, ऊस वाळतो आणि वजन व साखर दोन्ही घटतात.

त्यासाठी ऑफिसची कामे तीन :

१) नोंद. जात, क्षेत्र व लागणीची तारीख. आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांनी, तर सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांनी तोडणीस येतो. तारीख चुकली की पुढचे सगळेच चुकते.

२) क्रम. लागण तारीख व पक्वता पाहून तोडणी प्रोग्राम लावणे.

३) रोजचा मेळ. टोळ्या, वाहने व गाळप यांची सांगड घालणे, अडचण वेळेत वर कळविणे.

मी नोकरीत नवा असताना एका सभासदाच्या आग्रहाखातर त्यांचा कोवळा ऊस आधी तोडायला लावला. शेजारच्यांचा आडसाली फड मार्चपर्यंत उभा राहिला, तुरे येऊन पोकळ झाला. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी नोंदच दिली नाही. तो धडा मी विसरलो नाही.

शिवाय एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी जोडलेली आहे. एकाचा कोवळा ऊस आधी आला, तर त्याचा फटका सगळ्यांच्या दराला बसतो.

तेव्हा एवढे करा. लागणीची खरी तारीख द्या. खोडव्याची नोंद वेगळी करा. नोंदीची पावती जपून ठेवा. तोडीसाठी कोणी खुशाली मागितली तर देऊ नका, आम्हांला सांगा. आणि आपल्या आधी कोणाचा नंबर लागला, का लागला, हे ऑफिसात येऊन बेलाशक विचारा. वही सभासदांची आहे. ती उघडी राहिली तरच ऑफिसचा उपयोग. नाहीतर तो नुसता कागदांचा ढीग.

कळावे.

– ऊस विकास अधिकारी