चंदराचे व्यक्तिचित्रण

रवींद्रनाथ टागोर यांची ‘शास्ति’ ही बंगाली कथा १८९३ सालची आहे. शास्ति म्हणजे शिक्षा. जमीनदाराकडे दिवसभर राबून उपाशीपोटी परतलेला दुखीराम पत्नी राधेच्या बोचऱ्या उत्तराने भडकतो व कोयत्याच्या घावाने तिला ठार करतो. धाकटा भाऊ छिदाम खुनाचा आळ स्वतःच्या पत्नीवर, चंदरावर घालतो. पत्नी दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही, असा त्याचा हिशेब!

सतरा-अठरा वर्षांच्या चंदराला केवळ सोशिक अबला मानले, तर कथेचा अर्थ हातून निसटतो. ती हसरी, चपळ आणि तितकीच मानी आहे. पूर्वी छिदामने तिला घरात कोंडले, तेव्हा ती तीन गावे ओलांडून मामाकडे निघून गेली होती. म्हणूनच तिचा कबुलीजबाब लक्षपूर्वक वाचा. राधा विळी घेऊन अंगावर आली असे सांग, म्हणजे सुटशील, असे छिदामने तिला पढवलेले असते. ती खून कबूल करते. पण राधेचा काहीही अपराध नव्हता, असेही सांगते. पतीने दाखवलेली पळवाट ती स्वतःच बंद करते. पुढे दोघे भाऊ न्यायालयात गुन्हा आपापल्या अंगावर घेतात, तेव्हा ते तिला वाचवण्यासाठी खोटे बोलत आहेत, असेच न्यायाधीशांना वाटते. मग ही शास्ति नेमकी कोणाला?

फाशीपूर्वी चंदरा आईला भेटू इच्छिते. पतीलाही भेटायचे आहे, हे ऐकताच ती एकच उद्गार काढते. तो तिरस्काराचा की दुखावलेल्या प्रेमाचा, हे लेखकाने उघड केलेले नाही.