आधी माग बघा, मग साडी मागा

पुण्या-नागपुराहून हैदराबादेत नोकरीला आलेली आमची भाचरं आश्विन लागला की विचारतात, "मावशी, एका दिवसात निवांत कुठं जाऊन येऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: भूदान पोचमपल्ली. शहरापासून जेमतेम 45-50 किलोमीटरवर, यादाद्री भुवनगिरी जिल्ह्यातलं विणकरांचं गाव. काचीगुड्याच्या घरात थोरल्या जाऊबाईंनी मला जे सांगितलं, त्यात माझी थोडी भर घालून तुमच्या कानावर घालते.

पाऊस सरल्यावरच जा. तिथले बरेच माग खड्ड्यातले. विणकर जमिनीलगत बसतो, पाय खाली खड्ड्यात. पावसाळ्यात खड्ड्याला ओल येते, सूत सर्दावतं, काम रखडतं. आश्विनात उघडीप पडली की माग पुन्हा जोरात चालतात. ऐन दसऱ्याला मात्र नको. सणाच्या दिवशी माग दाखवत कोण बसणार? त्याआधीच्या आठवड्यात गेलात तर बतुकम्मा बघायला मिळेल. तरवड, कुरडू, झेंडूची फुलं थरावर थर रचून बायका तिच्याभोवती फेर धरतात आणि शेवटी ती तळ्यात सोडतात. आपला भोंडलाही याच दिवसांतला. फेरात कुणी बोलावलं तर लाजू नका.

गाडी काढायचा आग्रह नको. मेट्रोनं एल. बी. नगर गाठा, तिथून विजयवाड्याच्या रस्त्यानं पुढं. बसच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि गावात उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस कोणती ते विचारा. मग दिवसभर घड्याळ बघावं लागत नाही. डिसेंबर 2023 पासून तेलंगणात बायकांना पल्ले वेलुगु आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत आहे. पण सरकारी ओळखपत्रावर तेलंगणाचा पत्ता हवा, आणि कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचंच.

गावात पाऊल टाकल्याबरोबर दुकानात शिरू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा मंत्र. आधी गल्ल्यांतून फिरा. खटखट ऐकू आली की दारात थांबा, चपला बाहेर काढा आणि विचारा, "मग्गं चूडोच्चा?" म्हणजे "माग बघू का?" सहसा कुणी नाही म्हणत नाही. इथले बरेच विणकर पद्मशाली समाजाचे. याच समाजाची माणसं तेलंगणातून सोलापूर-भिवंडीच्या मागांवर गेली, तेव्हा सोलापूरचं नाव काढलं तर गप्पा हमखास रंगतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढायचा नाही. नवी नक्षी बाहेर गेली की गिरणीच्या कापडावर तिचा छापा निघतो आणि विणकराची मेहनत पाण्यात जाते.

माग बघताना सूत कुठं बांधलंय ते बघा. इथल्या इकत विणकामात रंग कापडाला देत नाहीत, सुताला देतात. नक्षीप्रमाणे सुताच्या लडी जागोजागी घट्ट बांधायच्या, रंगात बुडवायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या, विणकाम त्यानंतर. बांधण्याआधी सूत खुंट्यांभोवती फिरवून घ्यावं लागतं, त्याला आसू म्हणतात. एका साडीसाठी हात हजारो वेळा पुढं-मागं करावा लागे आणि ते काम बहुतेक घरच्या बायकांच्या खांद्यावर. आईचे खांदे दुखतात म्हणून चिंतकिंदी मल्लेशम यांनी आसूचं यंत्र बनवलं. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं बघून दुकानात गेलं की भाव करताना जीभ आपोआप आवरते.

आता साडी. ती उलटी करून बघा. सूतच रंगवलेलं असल्यानं रंग दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो; छापील मालाची मागची बाजू फिकी असते. नक्षीच्या कडा किंचित फिसकटलेल्या असतील तर तो दोष समजू नका, तीच खूण आहे. रेघ कापल्यासारखी स्पष्ट असेल तर संशय घ्या. पोचमपल्ली इकतला भौगोलिक मानांकन 2005 पासून आहे, तरी नकली माल गावातही येतो. रेशमी असेल तर सिल्क मार्क बघा. एका ताण्यावर एकाहून जास्त साड्या निघतात, त्यामुळं जावाजावांना सारख्या हव्या असतील तर विणकरालाच विचारा. सुती साडी पहिल्यांदा वेगळी, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

दुपारी विनोबा मंदिरात बसा. सोबत पोळी आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी वर्ध्याकडून पायी आलेले विनोबा पुढं तेलंगणात फिरत 18 एप्रिल 1951 ला या गावात पोचले. भूमिहीन दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली. वेदिरे रामचंद्र रेड्डींनी उठून 100 एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात इथली, आणि ती घडवणारा माणूस पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट तिथंच बसून सांगा.

येताना रस्त्याकडेला सीताफळं दिसतील. मऊ घेऊ नका, घरी पोचेपर्यंत चेंदामेंदा होईल. घट्टच घ्या, पण डोळे मोठे झालेलं आणि डोळ्यांमधल्या खोबणी पिवळसर पडलेलं. तांदळाच्या डब्यात ठेवलं की दोन-तीन दिवसांत पिकतं. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवू नका.

साडी घेतलीत तर विणणाऱ्याचं नाव विचारून घ्या, आणि कुणी "कुठून आणलीस?" म्हणालं की दुकानाआधी ते नाव सांगा. नाही घेतलीत तरी दिवस फुकट गेला असं समजू नका. फक्त दिवाळीच्या खरेदीची झुंबड उडायच्या आत जाऊन या; त्यानंतर विणकराला तुमच्याशी बोलायला सवड नसते.