बढती अडली की काम अडते

हर्णेसमोरच्या सुवर्णदुर्गावर कर्तबगारी दाखवलेले कान्होजी आंग्रे पुढे मराठी आरमाराचे सरखेल झाले. वर जायची वाट मोकळी असली, की माणूस जीव ओतून राबतो. ती बुजली, की तोच माणूस "आपल्याला काय त्याचं?" म्हणत नेमून दिले तेवढेच करतो. शेतकी खात्यात असे झाले, तर वाहन वेळेवर फडात पोचत नाही. तुटलेला ऊस वाळतो, वजन घटते, उताराही घटतो. तोटा आपलाच!

राज्य शासनाने १९९५ साली, १२ वर्षे बढती न मिळालेल्या गट क व ड कर्मचाऱ्यांना वरची वेतनश्रेणी देण्याची योजना काढली. पण नुसत्या पगाराने भागत नाही. नवे काम शिकवावे, जबाबदारी सोपवावी. वार्षिक सभेत आपण एवढे विचारू या : आपल्याकडे किती जण वर्षानुवर्षे त्याच जागी आहेत?