शेत आईकडून लेकीकडे

"हे शेत कोणाचे?" असे आपल्याकडे कोणी विचारले, तर उत्तर देण्यास वेळ लागत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याचे ते शेत. पुष्कळदा ते त्याला वडिलांकडून आणि वडिलांना आजोबांकडून मिळालेले असते. आता कायद्याने मुलींनाही मुलांइतकाच वाटा दिला आहे. तरी शेत बापाकडून मुलाकडे जावयाचे, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे, की तेथे ह्याच प्रश्नाचे उत्तर निराळे मिळते. तेथील शेत आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे जाते. आणि ज्या लेकीच्या हाती ते येते, तिलाही ते मनास येईल तेव्हा विकता येत नाही. तो मुलूख म्हणजे इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रा, आणि ते लोक म्हणजे मिनांगकाबाऊ.

सुमात्रा हे बेट आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट मोठे आहे. विषुववृत्त त्याच्या मधोमध जाते. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत डोंगरांची रांग आहे, आणि त्या रांगेत मरापी नावाचा २,८९१ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. तो अजून निजलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला. पुढे मे २०२४ मध्ये मुसळधार पावसाने डोंगरावरील राख व दगडधोंडे खाली लोटले, तेव्हा पायथ्याच्या भागात पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. इतके होऊनही लोक तेथेच राहतात. कारण जी राख घात करिते, तीच कालांतराने मातीला कस देते. ह्या डोंगराच्या उतारावर पारियांगान नावाचे गाव आहे. आपले पूर्वज प्रथम येथेच वस्तीस राहिले, असे मिनांगकाबाऊ लोक परंपरेने मानतात.

ह्या लोकांच्या नावाविषयी एक गमतीची दंतकथा सांगितली जाते. फार पूर्वी परक्या राजाचे सैन्य त्यांच्यावर चालून आले. रक्तपात टाळावा म्हणून दोन्ही पक्षांनी आपापली एक म्हैस झुंजीस सोडावी असे ठरले. परक्यांनी एक प्रचंड, माजलेले जनावर आणिले. गावकऱ्यांनी मात्र एक लहानसे रेडकू आणिले. त्याला त्यांनी दूध तोडून उपाशी ठेविले होते व त्याच्या तोंडाला लोखंडी अणकुचीदार सुळे बांधिले होते. मैदानात येताच भुकेले रेडकू ते मोठे जनावर आपली आईच समजून दूध पिण्यास त्याच्या पोटाखाली शिरले, आणि त्या सुळ्यांनी त्याचे पोट फाडले. 'मिनांग काबाऊ' म्हणजे 'म्हैस जिंकली', असा अर्थ ही कथा सांगते. कथा खरी असो वा नसो, त्यांच्या घरांच्या छपरांची टोके मात्र खरोखरच म्हशीच्या शिंगांसारखी आकाशात उंच वळलेली असतात.

आता आपण ह्यांच्या एखाद्या गावात शिरू या. गावाला ते 'नगरी' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा वाटतो ना? तो संस्कृतातूनच तिकडे गेला आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भाताची खाचरे उतरत गेलेली असतात. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात झुळझुळत येते. एका बांधावर कापणी चालू असावी, तर पलीकडे नुकती लावणी झालेली दिसावी, असे दृश्य येथे नेहमीचे आहे; कारण पाण्याची वाण नसल्यामुळे वर्षातून एकाहून अधिक पिके निघतात.

खाचरांच्या वर खांबांवर उभे असलेले लाकडी 'रूमाह गादांग', म्हणजे 'मोठे घर', दिसते. पुढच्या बाजूस एक लांबच लांब सोपा असतो. तेथे जेवणे होतात, पाहुणे बसतात आणि घराण्याच्या बैठका भरतात. मागच्या बाजूस ओळीने खोल्या असतात. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला एक खोली मिळते. मुलगी सासरी जात नाही. तिचा नवराच तिच्या घरी येतो.

मग मुलांची सोय काय? जुन्या रिवाजाप्रमाणे मोठ्या घरात मुलग्यांसाठी खोलीच नसे. सहासात वर्षांचा झाला, की मुलगा रात्री 'सुराऊ' ह्या प्रार्थनागृहात निजावयास जाई. तेथे तो कुराण वाचावयास शिके, वडीलधाऱ्यांकडून चालीरीती ऐके आणि स्वसंरक्षणाचे डावपेचही शिके. हे लोक इस्लामधर्मीय आहेत, हे येथे सांगितले पाहिजे.

घरापुढे उंच पायांवर उभी असलेली शिंगाळ्या छपरांची कोठारे पाहण्याजोगी असतात. त्यांना 'रांकियांग' म्हणतात. एका कोठारातील भात रोजच्या जेवणासाठी. दुसऱ्यातील भात विकून घरात लागणाऱ्या वस्तू आणावयाच्या. तिसऱ्यातील भात मात्र दुष्काळासाठी व गोरगरिबांसाठी राखून ठेवावयाचा. पोट भरलेले असतानाच उपाशी दिवसांची व उपाशी शेजाऱ्याची आठवण ठेवणारे हे तिसरे कोठार ज्यांनी उभारिले, त्यांच्या शहाणपणाचे कौतुक केले पाहिजे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. येथील शेत कोणाचे? मिनांगकाबाऊ लोक मालमत्तेचे दोन भाग करितात. मालमत्तेला ते 'हार्ता' म्हणतात, आणि हा शब्दही संस्कृत 'अर्थ' ह्या शब्दावरून आलेला आहे. पहिली 'हार्ता पुसाका', म्हणजे पूर्वजांपासून चालत आलेली मालमत्ता. जुनी खाचरे, मोठे घर, घराण्याची मोलाची वस्तू ही सर्व तीत येतात. ही मालमत्ता एका माणसाची नव्हे, तर एका आजीपासून झालेल्या साऱ्या घराण्याची. ती लेकींच्या वंशात चालते. दुसरी मालमत्ता म्हणजे माणसाने स्वतःच्या कष्टाने मिळविलेली. तिचा मालक तोच.

पुसाका जमीन बहिणीबहिणींत कसण्यासाठी वाटून दिली जाते. जमीन थोडी आणि बहिणी पुष्कळ असतील, तर खाचर फोडीत नाहीत, पाळीपाळीने कसतात. यंदा थोरलीने पीक घ्यावे, पुढच्या पाळीस धाकटीने. ह्यामुळे शेताचे तुकडे पडत नाहीत आणि कोणी अगदीच रिकाम्या हाताने राहत नाही.

ह्या मालमत्तेची देखरेख मात्र आईचा भाऊ करितो. त्याला 'मामाक' म्हणतात. हा शब्द ऐकला, की आपल्या 'मामा'ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मामाकाने भाच्यांचे हित पाहावे, तंटे मिटवावेत आणि बैठकीत घराण्याच्या वतीने बोलावे. परंतु शेतातील उत्पन्न त्याने आपल्या बायकामुलांकडे वळविणे हा मोठा दोष मानतात. कारण त्याची मुले त्याच्या घराण्याची नसतात, ती त्यांच्या आईच्या घराण्याची असतात. थोडक्यात, जिच्या हाती शेत, तिला ते एकटीला विकता येत नाही. आणि जो शेताचा कारभारी, त्याला ते आपले म्हणता येत नाही.

मग संकट आले तर काय करावयाचे? परंपरेने चार प्रसंग नेमून दिले आहेत. घरात माणूस मरून पडले आहे आणि अंत्यविधीस पैसा नाही. मोठे घर गळू लागले आहे. उपवर मुलीचे लग्न पैशावाचून अडले आहे. किंवा घराण्याच्या प्रमुखाची जागा रिकामी पडली असून नवा प्रमुख बसविण्याच्या समारंभास खर्च हवा आहे. अशा वेळीच पुसाका जमिनीला हात लावावा, आणि तोही घराण्यातील सर्वांच्या संमतीने. चैनीसाठी किंवा एकाच्या कर्जासाठी नव्हे.

तेव्हाही जमीन सहसा विकीत नाहीत, गहाण ठेवितात. हे गहाण आपल्याकडील ताबेगहाणासारखे असते. पैसे देणारा व्याज घेत नाही. तो शेत कसून पीक घेतो. घेतलेले फेडले, की शेत परत. कर्जाचे मोल पुष्कळदा सोन्याच्या वजनात ठरवितात. त्यामुळे मधल्या काळात पैशाची किंमत उतरली, तरी देणाऱ्याचे नुकसान होत नाही. घर गळत असले, म्हणजे एका पिढीने खाचर गहाण टाकावे आणि दुसऱ्या पिढीने पै पै साठवून ते सोडवून आणावे, ही तेथील जुनी रीत आहे.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. बापाची जमीन मुलांना नाही, हे धर्मशास्त्रास धरून नाही, असा आक्षेप खुद्द मिनांगकाबाऊ धर्मपंडितांनीच घेतला. मक्केत राहून अध्यापन करणारे अहमद खातिब (१८६०–१९१६) हे त्यांतील प्रमुख होत. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. शेवटी १९५२ साली बुकित्तिंगी येथे धर्मपंडित, घराण्यांचे प्रमुख आणि सुशिक्षित मंडळी एकत्र बसली. त्यांनी असा निवाडा केला, की पूर्वापार चालत आलेली मालमत्ता परंपरेप्रमाणे लेकींच्या वंशात राहावी. स्वतः कमावलेली मालमत्ता इस्लामी कायद्याप्रमाणे मुलामुलींना मिळावी. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडले, म्हणून भांडण मिटले.

बाहेरच्या सत्तेशीही त्यांना झुंजावे लागले. तुमच्यावर कर बसविणार नाही, असे जाहीर वचन डच सरकारने १८३३ साली ह्या लोकांना दिले होते. परंतु १८४७ पासून त्यांना सक्तीने कॉफी पिकवून ती ठरीव भावाने सरकारी वखारीत घालावी लागे. १९०८ साली ही सक्ती उठली, पण तिच्या जागी रोख पैशाचा कर आला. वचन मोडले म्हणून शेतकरी खवळले. कामांग आणि मांगोपोह येथे लढाया झाल्या; पुष्कळ गावकरी मारले गेले. मांगोपोहच्या लढ्यात सिती मांगोपोह नावाची एक स्त्री आघाडीवर होती.

घरात खोली नाही आणि शेतात मालकी नाही, मग तेथील तरुणांनी करावे तरी काय? त्यांनी एक वाट शोधली. ते गाव सोडून दूर जातात, व्यापार करितात, विद्या मिळवितात. ह्या देशांतरास ते 'मरांताऊ' म्हणतात. इंडोनेशियाच्या बहुतेक प्रत्येक शहरात ज्या पाडांगी खाणावळी दिसतात, त्या अशाच परमुलखी गेलेल्या लोकांनी थाटल्या. १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नोंच्या बरोबरीने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे मोहम्मद हात्ता, त्या देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष, हे बुकित्तिंगीत जन्मलेले मिनांगकाबाऊच होते. दूर गेलेले लोक गावाला विसरत नाहीत. ते पैसे पाठवितात. त्यांतून मशिदी, शाळा उभ्या राहतात आणि गहाण पडलेली शेतेही सुटतात.

आज पश्चिम सुमात्राची वस्ती पन्नास लाखांहून अधिक आहे, आणि जुनी रीत बरीच बदलली आहे. पुष्कळ कुटुंबे आता लहान पक्क्या घरांत राहतात. नवरा-बायको आणि मुले एकत्र असतात. बाप आपली कमाई आपल्या मुलांना देतो. मोठी घरे कोठे ओस पडली आहेत, कोठे केवळ समारंभापुरती उघडतात. साऱ्या घराण्याची सही मिळेना म्हणून कित्येक कामे अडून बसतात. तरीही डोंगरउतारावरील जुनी खाचरे अजून पुष्कळ ठिकाणी आईकडून लेकीकडेच जात आहेत. आपल्या देशात मेघालयातील खासी लोकांतही वडिलार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. तेव्हा ही रीत जगावेगळी नाही.

मिनांगकाबाऊंची रीत आपण उचलावी असे नाही. परंतु तिच्यातील एक विचार मनात ठेवण्याजोगा आहे. जे आपण कमावतो, ते खर्च करण्याचा आपल्याला हक्क असतो. जे आपल्याला नुसते मिळते, मग ते शेत असो, विहीर असो, की गावाचे रान असो, त्याचे आपण राखणदार असतो. ते जसे मिळाले, त्याहून वाईट करून पुढच्याच्या हाती देऊ नये.

शब्दार्थ

कस – जमिनीची सुपीकता. वाण – उणीव, टंचाई. सोपा – घराच्या पुढच्या भागातील मोकळी जागा. उपवर – लग्नाच्या वयाची. ताबेगहाण – ज्यात जमिनीचा ताबा सावकाराकडे जातो असे गहाण. निवाडा – निर्णय. वडिलार्जित – पूर्वजांनी मिळविलेले.

प्रश्न

१. ज्वालामुखीचा धोका असूनही लोक मरापीच्या पायथ्याशी का राहतात?

२. तीन कोठारांचे तीन उपयोग सांगा. तिसऱ्या कोठाराविषयी लेखकाला काय वाटते?

३. पुसाका जमिनीला कोणत्या चार प्रसंगी हात लावता येतो? ह्या चारही प्रसंगांत समान गोष्ट कोणती, ते विचार करून लिहा.

४. १९५२ च्या निवाड्याने कोणता वाद कसा मिटला?

५. पाळीपाळीने शेत कसण्याचे फायदे कोणते? तोटा कोणता होऊ शकेल?

भाषाभ्यास

१. वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, वाण नसणे, पै पै साठविणे, ओस पडणे.

२. 'जी राख घात करिते, तीच कालांतराने मातीला कस देते.' अशा 'जो – तो' प्रकारच्या जोडवाक्यांची आणखी तीन उदाहरणे पाठातून शोधा.

उपक्रम

तुमच्या गावात किंवा पेठेत सर्वांच्या मालकीची अशी कोणती जागा आहे? तळे, गायरान, पार किंवा विहीर? तिची देखरेख पूर्वी कोण करी व आता कोण करिते, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.