प्रकाशाचा रक्तावरील संस्कार

कर्करोग म्हटला की एखाद्या अवयवात वाढणारी गाठ डोळ्यांसमोर येते. परंतु काही कर्करोगांचा उगम शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींमध्येच होतो. त्वचेतील टी-पेशींचे लसीकार्बुद, म्हणजेच लिंफोमा, हा त्यांपैकी एक होय. टी-पेशी हा श्वेतपेशींचा एक प्रकार असून जंतू व विकृत पेशी यांचा प्रतिकार करणे हे तिचे कार्य. या रोगात अशाच एका पेशीची संतती अनिर्बंध वाढते आणि त्वचेत ठाण मांडते. १९३८ साली फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आल्बेर सेझारी यांनी या रोगाच्या एका उग्र प्रकाराचे वर्णन केले. त्यात सर्वांगाची त्वचा लाल होते, असह्य खाज सुटते आणि मेंदूसारख्या वळ्या असलेल्या केंद्रकांच्या पेशी रक्तात आढळतात.

अशा रुग्णावर उपचार करताना वैद्यकापुढे एक पेच उभा राहतो. कर्कपेशी मारणारी तीव्र औषधे निरोगी श्वेतपेशींचाही नाश करतात, आणि या रोग्यांचा मृत्यू पुष्कळदा जंतुसंसर्गानेच ओढवतो. रोग आवरण्यासाठी ज्या यंत्रणेचे बळ हवे, तीच उपचाराने खचते.

या पेचातून एक वेगळाच मार्ग अमेरिकेतील येल विद्यापीठाचे रिचर्ड एडेलसन व त्यांचे सहकारी यांनी शोधला. रुग्णाचे रक्त नळीवाटे यंत्रात घेऊन त्यातील श्वेतपेशी वेगळ्या केल्या जातात. त्यांचा पातळ थर पारदर्शक पट्टिकेतून वाहत असताना त्यावर ‘ए’ प्रकारचे जंबुपार, म्हणजे अतिनील, किरण सोडतात आणि त्या पेशी पुन्हा शिरेत सोडतात. तत्पूर्वी त्यांत सोरालेन वर्गातील एक द्रव्य मिसळलेले असते. या वर्गातील द्रव्ये भारतीयांना सर्वस्वी अपरिचित नाहीत. आयुर्वेदाने पांढऱ्या कोडावर वापरलेल्या बावचीच्या बियांत ती असतात. अंधारात हे द्रव्य निरुपद्रवी असते. किरण पडताच ते पेशीतील डीएनएच्या दोन्ही धाग्यांना जखडून टाकते. अशी लसीकापेशी थोड्याच दिवसांत मरण पावते.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या ३७ रुग्णांपैकी २७ जणांना या पद्धतीने गुण आला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली.

येथे एक कोडे उभे राहते. एका वेळी शरीरातील लसीकापेशींचा अल्पसा अंशच यंत्रातून जातो. बहुसंख्य कर्कपेशी त्वचेतच राहतात. त्यांना किरणांचा स्पर्शही होत नाही. मग त्या ओसरतात कशा?

याचे उत्तर रोगप्रतिकार यंत्रणेच्या शिक्षणात आहे, असे संशोधक मानतात. मरणाऱ्या कर्कपेशींबरोबर मोनोसाइट नावाच्या श्वेतपेशीही यंत्रातून जातात. त्या इतक्या लवकर मरत नाहीत. उलट पट्टिकेशी व रक्तबिंबिकांशी संपर्क आल्याने त्यांना चालना मिळते आणि त्यांचे रूपांतर शाखायुक्त पेशींत होऊ लागते. या पेशी मृत कर्कपेशी गिळतात आणि त्यांची ओळखखूण आपल्या पृष्ठभागावर मांडतात. ती पाहून मारक टी-पेशी सज्ज होतात व तीच खूण असलेल्या इतर पेशींचा शोध घेतात. थोडक्यात, रुग्णाच्याच कर्कपेशींपासून जणू एक लस तयार होते. म्हणूनच ज्यांच्या रक्तात कर्कपेशी आहेत, पण मारक टी-पेशीही पुरेशा शिल्लक आहेत, त्यांना या उपचाराचा लाभ अधिक होतो.

नवल असे, की हाच उपचार अस्थिमज्जारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तेव्हाही उपयोगी पडतो. तेथे तो नियामक टी-पेशी वाढवून हल्ला शमवतो. एकाच क्रियेने एका ठिकाणी प्रतिकार जागा व्हावा आणि दुसऱ्या ठिकाणी शांत व्हावा, याचा पूर्ण उलगडा विज्ञानाला अद्याप झालेला नाही.

हा उपचार म्हणजे रामबाण नव्हे. सामान्यतः दोन ते चार आठवड्यांनी लागोपाठ दोन दिवस तो घ्यावा लागतो आणि गुण दिसण्यास काही महिने लागतात. उपचारानंतर एक दिवस डोळे व त्वचा उन्हापासून जपावी लागते. काही रुग्णांना इतर औषधांची जोडही द्यावी लागते. तथापि रुग्णाची प्रतिकारशक्ती सरसकट न दडपता तिलाच रोगाविरुद्ध उभे करणे, हे या पद्धतीचे खरे महत्त्व होय.