क्वांटम कॉम्प्युटर आणि आपलं एम-वन

'क्वांटम कॉम्प्युटर' म्हटलं की होस्टेलवर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "ते फिजिक्सवाल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं?" दुसरे म्हणतात, "त्यात शून्य आणि एक एकाच वेळी असतात, म्हणून तो सगळी उत्तरं एकदम काढतो." मला भीती वाटते ती दुसऱ्यांची, कारण सेमिनारमध्ये टाळ्या त्यांनाच मिळतात. खरं तर एम-वनला आपण ज्या मॅट्रिक्स मार्कांपुरत्या घोकल्या, तेवढ्यावर हा विषय नीट सुरू करता येतो. कागद-पेन घेऊन बसा. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे 'सदिश', 'सारणी' हे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. मी आपली व्हेक्टर आणि मॅट्रिक्सच म्हणणार, मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं.)

आणि हे सगळं अमेरिकेतच चाललंय असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी झाल्याचं जाहीर झालं. त्याचे क्युबिट मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये डिझाइन झाले आणि तिथेच बनले. ते चालवण्याचं आणि मोजण्याचं इलेक्ट्रॉनिक्स पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेनं जुळवलं आणि क्लाउडवरून प्रोग्राम पाठवायची सोय टीसीएसनं केली. असे क्युबिट सुपरकंडक्टिंग सर्किटचे असतात आणि उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागतात. सर्किट, कंट्रोल बोर्ड, सॉफ्टवेअर! म्हणजे ईअँडटीसी, इन्स्ट्रुमेंटेशन आणि कॉम्प्युटर, तिन्ही ब्रँचची पोरं यात लागतात. मग 'आपल्याला काय त्याचं' कसं?

आता क्युबिट म्हणजे काय? दोन आकड्यांचा व्हेक्टर, बस्स.

माझं गाव पाचोरा. आमच्याकडून एक रूळ चाळीसगाव-मनमाडकडे जातो, आणि दुसरा फाटा जामनेरचा, ज्यावर २०२० पर्यंत आमची छोटी नॅरोगेज गाडी धावायची. या दोन दिशा स्वतंत्र आहेत. तालुक्यातलं कुठलंही शेत 'या दिशेला इतकं, त्या दिशेला तितकं' असं सांगता येतं, आणि गरज पडली तर आकडा उणे घ्यायचा, म्हणजे उलट्या दिशेला चालायचं. यालाच बेसिस म्हणतात. क्युबिटच्या दोन दिशा म्हणजे शून्य (१, ०) आणि एक (०, १). फरक एवढाच की त्या एकमेकींशी काटकोनात असतात आणि व्हेक्टरची लांबी कायम १ असते. मधला कुठलाही व्हेक्टर (अ, ब) चालतो. मोजलं की शून्य मिळण्याची शक्यता अ चा वर्ग आणि एक मिळण्याची ब चा वर्ग. दोन्ही मिळून १.

'मग हे नाण्यासारखंच झालं की, छापा किंवा काटा!' असं कोणीतरी म्हणणारच. इथेच खरी गंमत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

आधी नाणं घ्या. नाणं उडवण्याची मॅट्रिक्स लिहिली तर चारही जागी १/२ येईल. छाप्यापासून म्हणजे (१, ०) पासून सुरुवात केली की उत्तर (१/२, १/२). परत उडवा, पुन्हा (१/२, १/२). नाणं कुठून निघालं होतं हे ते विसरून गेलं. शंभर वेळा उडवा, तेच.

आता हॅडामार्ड मॅट्रिक्स घ्या. वरची ओळ १, १. खालची ओळ १, उणे १. सगळ्याला √२ नं भागायचं. ही (१, ०) ला लावली की (०.७०७, ०.७०७) मिळतं. वर्ग केले तर अर्धं-अर्धं, अगदी नाण्यासारखं. पण आता न मोजता तीच मॅट्रिक्स पुन्हा लावा. वर येतं ०.७०७ × (०.७०७ + ०.७०७), म्हणजे १. खाली ०.७०७ × (०.७०७ − ०.७०७), म्हणजे ०. परत (१, ०)! उडवलेलं नाणं पुन्हा उडवलं आणि ते दर वेळी छापाच पडलं, असं कधी पाहिलंय का?

हे त्या एका उणे चिन्हामुळे झालं. 'एक' पर्यंत पोहोचायचे दोन रस्ते होते, त्यांनी एकमेकांना खोडून काढलं. शक्यता कधी उणे नसते, त्यामुळे नाण्याला हे जमत नाही. मध्येच डोकावून मोजलंत, तर क्युबिट शून्य किंवा एक यांतलं काहीतरी होऊन बसतो, आणि पुढची हॅडामार्ड पुन्हा अर्धं-अर्धंच देते. म्हणून 'सगळी उत्तरं एकदम' हे वाक्य फसवं आहे. शेवटी मोजल्यावर उत्तर एकच हाती लागतं. चुकीच्या उत्तरांचे रस्ते खोडले जातील आणि बरोबर उत्तराचे जुळतील अशा मॅट्रिक्स शोधणं, हेच खरं काम. पीटर शोअर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी ते जमवलं आणि बँकांच्या आरएसए कुलपाची काळजी सुरू झाली. सहा क्युबिटनी ते कुलूप उघडणार नाही, हे घरच्यांना जरूर सांगा.

अ आणि ब हे काल्पनिक संख्यांसकट कॉम्प्लेक्स असू शकतात, तेव्हा वर्ग घ्यायचा तो त्यांच्या मोड्यूलसचा. गंमत म्हणजे आमच्या पलीकडच्या चाळीसगाव तालुक्यात पाटण इथे इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. त्याच भास्कराचार्यांनी बीजगणितात सांगितलंय की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचाच वर्ग नाही. त्यांच्या संख्यांपुरतं ते बरोबरच होतं.

असो. आता दोन क्युबिट. दोघांचे आकडे आपापसात गुणायचे: (अ, ब) आणि (क, ड) यांचे (अक, अड, बक, बड). चार आकडे. आता (०.७०७, ०, ०, ०.७०७) हा व्हेक्टर पाहा. पहिल्या क्युबिटला हॅडामार्ड आणि मग दोघांवर सीनॉट लावलं की तो तयार होतो. याचे दोन सुटे क्युबिट करून दाखवा बरं! अक × बड = १/२ हवं आणि अड × बक = ० हवं. पण दोन्ही गुणाकार म्हणजे अ, ब, क, ड यांचाच गुणाकार. एकच गोष्ट अर्धी आणि शून्य कशी असेल? म्हणून हे दोघं सुटे करता येत नाहीत, आणि एन्टँगलमेंट म्हणतात ते हेच. चार आकडे दोन-दोनच्या ओळीत मांडा आणि डिटर्मिनंट काढा. शून्य आला तर सुटे, नाही तर अडकलेले. एम-वनचा पहिलाच धडा!

तीन क्युबिटला आठ आकडे, कुलाब्याच्या सहाला ६४. एका कॉम्प्लेक्स आकड्याला १६ बाइट धरले तर आपल्या लॅबमधल्या ८ जीबीच्या पीसीवर २८ क्युबिट बसतात, ४ जीबीत. २९ ला नुसता व्हेक्टरच ८ जीबी खातो, विंडोजला जागा उरत नाही. पन्नासला लागतात १६ पेटाबाइट. तोपर्यंत मात्र पायथन आणि नमपाय पुरे. लॅब रात्री आठपर्यंत उघडी असते, पहिल्यांदा हॅडामार्ड दोनदा लावून बघा.